एवढं मोठं आकाश, तरी दोन फायटर जेट एकमेकांवर आदळतात कशी?

अशी बातमी आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेले मेसेज पडायला लागतात. एवढं मोठं आकाश, यांना जागा कमी पडली का? मग कोणीतरी फालतू जोक टाकणार, मग बी विंगमधले एक काका "जुनी विमानं आहेत हो, दुसरं काय" म्हणून विषय मिटवणार. जानेवारी २०२३ ला पण हेच झालं. २८ तारखेला सकाळी ग्वाल्हेरहून उडालेलं एक सुखोई-३० आणि एक मिराज-२०००, दोन्ही नेहमीच्या ट्रेनिंगवर होती, दोन्ही पडली, सुखोईतले दोघं इजेक्ट होऊन वाचले, मिराजमधले विंग कमांडर गेले, आणि अवशेष मध्य प्रदेशात मुरैनाला आणि तिकडे राजस्थानात भरतपूरला असे दोन राज्यांत सापडले. हवेतच धडक झाली अशा बातम्या लगेच आल्या, आणि ग्रुपवर प्रश्न तोच, जागा कमी पडली का.

प्रश्न बावळट नाहीये खरं तर, फक्त आपल्या डोक्यात विमान म्हटलं की घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून घरंगळत उतरणारी पॅसेंजर विमानं येतात, आणि त्यांचं सगळं गणितच लांब राहण्याचं असतं. वर क्रूझला असताना दोन विमानांत उंचीचा फरक निदान हजार फूट, नाहीतर मग बाजूने साधारण पाच नॉटिकल मैल म्हणजे नऊएक किलोमीटर अंतर, आणि हे सांभाळायला खाली एटीसीचा माणूस रडार घेऊन बसलेला. फायटरचं नेमकं उलटं आहे. त्यांचा धंदाच जवळ जाण्याचा, एकतर आपल्या जोडीदाराला चिकटून उडायचं नाहीतर समोरच्याच्या शेपटीमागे लागायचं, आणि हे युद्धात पहिल्यांदा करून चालत नाही म्हणून शांततेत हजार वेळा करून बघायचं. म्हणजे आकाश मोठंच असतं पण ट्रेनिंगमध्ये ते मुद्दाम छोटं करून घेतलेलं असतं.

आधी फॉर्मेशनचं, म्हणजे विमानांनी एकमेकांना चिकटून ठरलेल्या रचनेत उडण्याचं बघू कारण ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हला एअर शो झाला होता तेव्हा आपल्या हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या सूर्यकिरण टीमची लाल-पांढरी हॉक विमानं समुद्रावरून गेली होती, कठड्यावर बसून बघताना वाटतं की नऊ विमानं एकाच दोरीत ओवलीयेत. त्यांच्या पंखांच्या टोकांमधलं अंतर पाच मीटरच्याही आत असतं. आता यात लोकांना वाटतं की स्पीडमुळे धोका आहे, पण सगळेच एकाच स्पीडने जात असतील तर स्पीडचा तसा प्रश्न येत नाही, प्रश्न येतो फरकाचा. तुमचं विमान शेजारच्याकडे नुसतं चालायच्या वेगाने सरकायला लागलं, म्हणजे सेकंदाला एक-सव्वा मीटर, तर ते पाच मीटर चार-पाच सेकंदात संपले.

त्यामुळे फॉर्मेशनमधला विंगमन, म्हणजे लीडरच्या बाजूचा पायलट, पुढे बघतच नाही. तो फक्त लीडरच्या विमानाकडे बघतो. लीडरच्या विमानावरच्या दोन ठरलेल्या खुणा, समजा पंखाच्या टोकाचा दिवा आणि बॉडीवरची एखादी खूण, एका रेषेत दिसल्या पाहिजेत, रेषा मोडली की आपण पुढे-मागे किंवा वर-खाली झालो, लगेच हाताने बारीकसं करेक्शन, आणि हे सतत, सेकंदाला कितीतरी वेळा. डोंगर, ढग, दुसरं विमान, जमीन, हे सगळं बघायची जबाबदारी लीडरची. एवढा विश्वास दुसऱ्यावर टाकून उडायचं म्हणजे मला तरी हे काम कुठल्याही पगारात परवडणारं वाटत नाही.

त्यात हवा पण गप्प बसत नाही. पंखाच्या टोकापासून मागे हवेचा भोवरा सुटतो, विमान जेवढं मोठं तेवढा भोवरा जोरदार, आणि जवळ आलेल्या छोट्या विमानाला तो गपकन उलटं करू शकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ८ जून १९६६ चं, अमेरिकेत कॅलिफोर्नियावर. एक्सबी-७० नावाचं अवाढव्य प्रायोगिक बॉम्बर आणि त्याच्या आजूबाजूला चार छोटी जेट, तेही लढायला वगैरे नाही, इंजिन बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीला फोटो हवे होते म्हणून. त्यातलं एफ-१०४ बॉम्बरच्या उजव्या पंखाच्या टोकाजवळ गेलं, भोवऱ्याने त्याला उचललं, ते उलटं होऊन बॉम्बरच्या पाठीवरून पलीकडे गेलं आणि जाताना बॉम्बरच्या दोन्ही शेपट्या घेऊन गेलं. एफ-१०४ चा पायलट नासाचा नावाजलेला टेस्ट पायलट होता, तो गेला, आणि बॉम्बरच्या दोघांपैकी एक गेला. एक्सपर्ट माणूस, स्वच्छ हवा, शांत फ्लाइट, आणि कारण काय तर फोटो. मला हे वाचून अजूनही चीड येते.

तरी एकदा जागेवर बसलेलं फॉर्मेशन त्यातल्या त्यात बरं, जास्त अवघड असतं ते परत जमणं, ज्याला रीजॉइन म्हणतात. चार विमानं चार दिशांना गेली होती आणि आता परत लीडरजवळ यायचंय, तर मागून येणाऱ्याला लीडरपेक्षा जास्त स्पीड लागणार, नाहीतर तो पोचणारच नाही. समजा फरक ताशी १०० किलोमीटरचा आहे आणि अंतर ३०० मीटर उरलंय, तर हातात अकराच्या आसपास सेकंद आहेत आणि तेवढ्यात तो सगळा जास्तीचा स्पीड मारायचाय, विमानाला काही गाडीसारखा ब्रेक नाही. पायलटला शिकवतात की स्पीड जास्त झालाय वाटलं तर हट्ट करू नको, लीडरच्या खालून आणि बाहेरच्या बाजूने सरळ पुढे निघून जा, याला ओव्हरशूट म्हणतात, लाज वाटायचं कारण नाही. जे कधीच करायचं नाही ते म्हणजे घाबरून जोरात वळून आपलं पोट लीडरकडे करणं, कारण विमान तिरकं झालं की लीडर तुमच्याच पोटाखाली झाकला जातो आणि तुम्ही न बघता त्याच्या दिशेने सरकत राहता.

सूर्यकिरणची दोन हॉक १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूला येलहंकावर एकमेकांवर आदळली, एरो इंडिया हा विमानांचा शो दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता आणि सराव चालू होता, तीन पायलटांपैकी दोघं इजेक्ट होऊन वाचले, एक गेले. फ्रान्सच्या पात्रुई द फ्रान्स टीमची दोन अल्फा जेट २५ मार्च २०२५ ला सरावातच धडकली, तिथे तिघेही इजेक्ट होऊन वाचले. या टीममध्ये नवशिका कोणी नसतो, शेकडो तास उडवलेले निवडक लोक असतात, त्यामुळे "शिकाऊ असेल" हे उत्तर तर बादच.

आता डोळ्यांकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोम इथे आहे आणि बातम्यांत याबद्दल कोणी बोलत नाही.

गेटवेहून मांडव्याला लाँचने गेला असाल तर पुढच्या वेळी हे करून बघा. दुसरी एखादी बोट तिरकी येताना दिसली की आपण जागेवरून न हलता ती रेलिंगच्या कुठल्या खांबाशी दिसतेय ते लक्षात ठेवायचं. थोड्या वेळाने ती खांबाच्या पुढे सरकली तर आपल्या पुढून जाणार, मागे सरकली तर मागून जाणार, पण ती त्याच खांबाशी राहिली आणि फक्त मोठी होत गेली तर ती आपल्यावर येणार. दोघांनी दिशा आणि स्पीड बदलला नाही तर टक्कर नक्की. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे चक्क लिहिलंय की समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल तर टक्करीचा धोका आहे असं धरून चाला.

विमानाला हेच लागू, पण बोटीच्या वेळी हातात काही मिनिटं असतात आणि इथे काही सेकंद. शिवाय आपल्या डोळ्याच्या कडेला हालचाल पटकन कळते, हललं की नजर आपोआप वळते, पण जे विमान आपल्यावर येणार ते काचेवर एकाच जागी चिकटलेल्या ठिपक्यासारखं असतं, ते हलतच नाही, म्हणजे ज्याच्यापासून काहीच धोका नाही ते विमान लगेच दिसतं आणि जे मारणार ते दिसत नाही. त्यातून तो ठिपका कॉकपिटच्या फ्रेमच्या आड आला तर शेवटपर्यंत आडच राहतो, कारण तो जागा सोडत नाही ना. म्हणून पायलटला डोकं सतत पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवत बघायची सवय लावतात. आणि स्वच्छ निळं, काहीच नसलेलं आकाश असेल तर अजून एक गंमत होते, डोळ्याला फोकस करायला काही मिळत नाही आणि तो आपोआप काचेच्या जरा पलीकडे, मीटर-दोन मीटरवर फोकस करून बसतो, मग लांबचं विमान अजूनच पुसट होतं.

आता आकडे. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, पायलटांसाठी एक तक्ता काढलाय, समोर काहीतरी दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत किती वेळ जातो त्याचा. दिसायला ०.१ सेकंद, हे विमान आहे हे ओळखायला १, हे आपल्यावर येतंय हे कळायला ५, डावीकडे वळू की उजवीकडे हे ठरवायला ४, हात हलायला ०.४, आणि विमानाने ऐकायला २. एकूण १२.५ सेकंद. फायटर पायलट यापेक्षा चपळ असणार हे मान्य, पण हिशोब म्हणून हाच धरू. दोन जेट ताशी ९०० किलोमीटरने समोरासमोर येतायत, म्हणजे एकमेकांकडे येण्याचा वेग ताशी १८००, सेकंदाला ५०० मीटर. या वेगाने चर्चगेट ते विरार दोन मिनिटांत. तर १२.५ सेकंद हवे असतील तर समोरचा सव्वासहा किलोमीटरवर असतानाच दिसायला हवा, आणि दहा मीटर पंखांचं विमान तेवढ्या लांबून केवढं दिसतं माहितेय, हात लांब करून धरला तर बोटावरचा जेमतेम एक मिलिमीटरचा ठिपका. तीन किलोमीटरवर, म्हणजे धडकेच्या सहा सेकंद आधी, दोन मिलिमीटर. दीड किलोमीटरवर, तीन सेकंद उरलेत, तेव्हा चार. आणि शेवटच्या सेकंदाला साधारण बारा मिलिमीटर, आणि मग एकदम सगळी काच भरून. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग सगळं एकाच क्षणी होतं, त्यामुळे वाचलेल्या पायलटांना "तो कुठून आला कळलंच नाही" असं वाटलं तर त्यात बहाणेबाजी काही नाही.

मग डॉगफाइटचा, म्हणजे विमानांच्या जवळून होणाऱ्या लढाईचा सराव करतात तरी कसा? तर नियमांच्या जोरावर, आणि हे नियम बरेच बारीक आहेत. अमेरिकन हवाई दलाचे नियम उघडपणे छापलेले असतात म्हणून त्यातली उदाहरणं देतो, बाकी देशांतही तत्त्व साधारण असंच. प्रत्येक विमानाभोवती ५०० फुटांचा, म्हणजे दीडशे मीटरचा एक काल्पनिक फुगा धरायचा आणि त्यात कोणी शिरायचं नाही. ऐकायला भरपूर वाटतं पण वरच्या हिशोबाने ते दीडशे मीटर ०.३ सेकंदात संपतात, म्हणजे फुग्याच्या काठावर आल्यावर काही करायला वेळच नाही, जे ठरायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. म्हणून समोरासमोर आलात तर जी बाजू आधीपासून बनत आलीये तीच ठेवायची, शेवटच्या क्षणी बदलायची नाही, काहीच बाजू ठरली नसेल तर दोघांनीही उजवीकडे व्हायचं. ज्याचं नाक वर आहे त्याने वरून जायचं. जमिनीच्या वर एक उंची ठरवायची आणि तीच जमीन समजायची, तिच्या खाली कोणी गेलं की खेळ थांबला. एकमेकांना अजून बघितलेलं नसेल तर प्रत्येकाला उंचीचा आपापला पट्टा वाटून दिलेला, त्यातच राहायचं, दुसरा दिसल्याशिवाय पट्टा ओलांडायचा नाही.

आणि यातला मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे रेडिओवर "नॉक इट ऑफ" एवढं कोणीही म्हणू शकतं. कोणीही म्हणजे अगदी कालच आलेला ज्युनियर, समोर कर्नल का असेना. ते शब्द ऐकले की सगळ्यांनी लढणं सोडायचं, सरळ व्हायचं, आपापली जागा बघायची. कारण विचारायचं ते खाली उतरल्यावर. आपल्याकडे ऑफिसात मॅनेजरला मीटिंगमध्ये अडवायला लोक दहादा विचार करतात, आणि हे सैन्य आहे जिथे सॅल्यूट मारल्याशिवाय पान हलत नाही, तरी तिथे हे ठेवलंय.

एवढं असूनही टक्कर होते ती बऱ्याचदा शत्रूचा रोल करणाऱ्याशी नाही तर आपल्याच जोडीदाराशी. दोघं एकाच टार्गेटच्या मागे लागलेत, दोघांची नजर त्याच्यावर खिळलीये, अंगावर पाच-सहा-सात जी चा भार आहे म्हणजे नुसती मान वळवायची तर डोक्याचं आणि हेल्मेटचं वजन तेवढ्या पट झालंय, वळणात विमान तिरकं असल्याने अर्धं आकाश आपल्याच पोटाने झाकलंय, आणि दुसरा कुठे असेल याचा अंदाज पाच सेकंद जुना आहे. पाच सेकंदात तो सव्वा किलोमीटर दुसरीकडे गेलेला असतो. जर्मनीत २४ जून २०१९ ला तीन युरोफायटर हवाई लढाईच्या सरावाला गेली होती, त्यातली दोन धडकली, एक पायलट वाचला, एक गेला, आणि तिसऱ्या विमानातल्या पायलटने ते वरून बघितलं आणि पॅराशूट दिसल्याचं रेडिओवर कळवलं.

धडक झाल्यावर काय होतं हा भाग नशिबाचा जास्त. २६ मे २०१६ ला अमेरिकन नौदलाची दोन सुपर हॉर्नेट नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ सरावात धडकली, चौघंही इजेक्ट झाले, समुद्रात पडले आणि त्यांना जवळून जाणाऱ्या मासेमारीच्या बोटीने वर ओढून घेतलं, चौघंही जिवंत. इजेक्शन सीटखाली रॉकेट असतं, ते पायलटला खुर्चीसकट बाहेर फेकतं आणि त्या वेळी मणक्यावर शरीराच्या वजनाच्या बारा-चौदा पट, कधी त्याहून जास्त जोर येतो, त्यामुळे वाचलेल्यांपैकी अनेकांचे मणके दुखावतात. पण त्यासाठी पायलट शुद्धीवर हवा, हँडलपर्यंत हात पोचायला हवा आणि धडक नेमकी कॉकपिटवर झालेली नसावी.

आणि एक केस अशी आहे की ऐकून खोटी वाटते. १ मे १९८३, इस्रायलचं नेगेव्ह वाळवंट, एफ-१५ आणि स्कायहॉक यांच्यात लढाईचा सराव. एक स्कायहॉक एफ-१५ ला धडकलं, स्कायहॉकचे तुकडे झाले, त्याचा पायलट इजेक्ट झाला. एफ-१५ गरगरायला लागलं, मागे बसलेल्याने इजेक्ट व्हायला सांगितलं पण पायलटने आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाचा जास्तीचा जोर, टाकला आणि विमान सरळ झालं. उजव्या बाजूने इंधनाचा एवढा फवारा उडत होता की नेमकं काय तुटलंय तेच दिसत नव्हतं. स्पीड कमी केला की विमान परत उलटायला बघायचं, म्हणून नेहमीच्या साधारण दुप्पट स्पीडने, ताशी पावणेपाचशेच्या वर, त्याने ते रनवेवर टेकवलं, शेपटीखालचा हुक रनवेवरच्या दोरात अडकला आणि तुटून गेला, विमान शेवटच्या जाळीच्या काही मीटर अलीकडे थांबलं. मग त्याने मागे वळून बघितलं तर उजवा पंखच नव्हता, मुळाशी दोनेक फूट उरलेला. एफ-१५ ची बॉडी रुंद आणि चपटी असल्याने तीच थोडंफार उचलून धरत होती आणि जोरदार इंजिनांनी बाकीचं भागवलं. पुढे नवीन पंख लावून तेच विमान परत उडवलं.

चूक कोणाची हे मात्र पहिल्या दिवशी कळत नाही, आणि पहिला रिपोर्ट आला तरी कळेलच असं नाही. ६ डिसेंबर २०१८ ला जपानच्या समुद्रावर रात्री अमेरिकन मरीन कोरचं एक एफ/ए-१८ आणि इंधन देणारं केसी-१३० धडकलं, सहा जण गेले. पहिल्या चौकशीत बराचसा दोष फायटरच्या लोकांवर गेला. नंतर परत तपासलं तेव्हा त्या पहिल्या रिपोर्टमध्येच चुका आहेत हे मरीन कोरला मान्य करावं लागलं. आपल्याकडे सिव्हिल विमान अपघाताचा एएआयबी या सरकारी तपास संस्थेचा रिपोर्ट लोकांसमोर येतो, हवाई दलाची कोर्ट ऑफ इन्क्वायरी सहसा आतच राहते. काही गोष्टी गुप्त ठेवायला लागतात हे मान्य, पण त्यामुळे मधली रिकामी जागा टीव्हीवाले आणि आमचा ग्रुप भरतो.

राहता राहिला सेन्सरचा प्रश्न, पॅसेंजर विमानांत असतो तसा अलार्म यांच्यात का नाही. त्याचं नाव टीकॅस. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं मालवाहू विमान धडकून ३४९ माणसं गेली, हवेतल्या धडकेत याहून मोठा अपघात आजपर्यंत नाही, आणि त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचा झाला. पण टीकॅस चालतो तो दोन्ही विमानं शांतपणे सरळ जातायत असं धरून, तो एकाला वर जा सांगतो, दुसऱ्याला खाली. फॉर्मेशनमध्ये शेजारी पाच मीटरवर असताना तो उडाल्यापासून उतरेपर्यंत बोंबलत राहील आणि पायलट पहिल्या मिनिटाला बंद करेल. डॉगफाइटमध्ये विमान दर सेकंदाला दिशा बदलतं तेव्हा पुढच्या तीस सेकंदांचा अंदाज बांधण्यात अर्थच नाही. फायटरचं स्वतःचं रडार जबरदस्त असतं पण ते नाकासमोरच्या पट्ट्यात बघतं, पोटाखाली आणि पाठीमागे नाही. डेटालिंकने, म्हणजे विमानं एकमेकांना आपली माहिती रेडिओने पाठवतात त्याने, जोडीदार स्क्रीनवर दिसतो, त्याचा खूप फायदा होतो, फक्त ऐन गिरकीत स्क्रीनकडे बघणार कोण.

जमिनीशी टक्कर टाळणारी ऑटोमॅटिक सिस्टिम अमेरिकेच्या एफ-१६ वर २०१४ पासून आहे, पायलट बेशुद्ध झाला तरी विमान स्वतःच नाक वर काढतं, आणि तिने खरंच जीव वाचवलेत. विमान-विमान टक्करीसाठी तसंच काहीतरी करायच्या चाचण्या झाल्यात, पण ते जास्त किचकट आहे, डोंगर निदान जागेवर असतो. इथे दोन्ही विमानांच्या कॉम्प्युटरने एकमेकांशी सतत बोलायला पाहिजे, दोघांनी एकाच वेळी विरुद्ध बाजूला वळायला पाहिजे, आणि तेही इतक्या उशिरा की सरावात लुडबूड होणार नाही. आपल्याकडे रशियन सुखोई, फ्रेंच मिराज आणि राफेल, देशी तेजस असा सगळा वेगवेगळ्या घराण्यांचा मेळ आहे, त्यांना एका भाषेत बोलायला लावणं हे वेगळंच काम आहे, त्यामुळे सध्या तरी भिस्त आहे ती उडायच्या आधी फळ्यावर वाटून दिलेल्या उंचीच्या पट्ट्यांवर आणि रेडिओवर.